घासाई माफ

९ जानेवारी
कालचं कुरखेड्याचं भाषण छान झालं. घसा बसला. ज्येष्ठमध चघळत मुरलीच्या दुकानात गेले. सख्खा भाऊ वडश्यात भांडी विकतो आणि बहीण जळक्या कुकरात भात लावते, हे भावजयीला, शोभाला, बघवत नाही म्हणे.

तिथे ढोक सर भेटले. कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे, मी मराठी. दोघंही आता रिटायर. पुतणीच्या लग्नाचं आंदण घेत होते. गंज म्हणजे पातेली, पराती, मिक्सर, सगळं बांधून झालं. सरांनी कार्ड काढलं तसा मुरली म्हणाला,
"सर, घासाई लागन."
"कितीक?"
"शंभरावर दोन."
पाटीच लावली आहे काउंटरवर, खडूने: कार्डावर घासाई २ टक्के.

माझं डोकं फिरलं. हा शब्द काढला कोणी? दळण दळलं की दळाई, कापड शिवलं की शिलाई. आता मशीनवर कार्ड घासलं की घासाई. खरं तर कार्ड कोणी घासतही नाही आता, खुपसतात, नाहीतर नुसतं टेकवतात. तरी घासाई. ज्या लुटीला आपल्या भाषेत नाव मिळालं ती घरात जावई होऊन बसते. मग तिला कोणी ऊठ म्हणत नाही.

मुरली: "बाई, बँक माह्या खिशातून कापते. मी त्याइच्या खिशातून कापतो. मी कुठी खाऊन राह्यलो?"
"मग बँकेशी भांड."
"बँकेशी भांडाले तू आहेस ना."
कुकर घ्यायचा राहिलाच.

१२ जानेवारी
मशीन असलेल्या सगळ्या दुकानांत बँकेचं पत्रक आलं. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून वर काही घ्यायचं नाही. घेतल्याची तक्रार आली तर मशीन काढून नेणार. नियम जुनाच आहे म्हणतात, ह्यांना आत्ता आठवला. मु. नं तो कागद माझ्या पुढ्यात टाकला, जणू मीच लिहून पाठवला.

संध्याकाळी व्यापारी मंडळाचे नाना बोरकर घरी. पेढ्याचा डबा घेऊन.
"बाई, आमच्या बाजूनं बोला. तुमचा आवाज चौकाच्या पार जाते. दुकानदार मरून राह्यला."
"भाव सांगायचा एक आणि काउंटरवर घ्यायचा दुसरा. ह्याच्या बाजूनं मी बोलू?"
"तुमचा भाऊपण दुकानदारच आहे नं?"
"म्हणून तर आधी त्यालाच धरणार."
पेढे परत केले. एक खाऊन झाला होता, त्याला इलाज नाही.

१३ जानेवारी
सकाळीच शोभा. आली ती माझी मेथी निवडायला बसली. रागात असली की ती दुसऱ्याच्या घरची भाजी निवडते.

"बाई, तुमी चौकात बोलसान, टाळ्या घेसान. पण पयली तक्रार आमच्याच दुकानाची होईन. मोठ्या शोरूमवाल्याचं एक मशीन गेलं त दुसऱ्या बँकेचं येते. आमाले हेच एक भेटलं, तेही यायनं चार खेपा मारल्या तवा. आता लगनं लागतेत. नोकरीवाले सारे कार्डानं नेतेत आंदण. मशीन गेलं त ते शोरूमात जातीन, मंग पुन्हा आमच्या पायरीवर नाई चढत."

खरं आहे. मशीन गेलं तर सीझन गेला. सीझन गेला तर दुकान किती दिवस?

मी म्हटलं, पाटी आधी पुसू दे त्याला, मग बोलेन. तक्रारीला जागाच राहणार नाही.
"आन् ते दोन टक्के?"
मी भाषणाची टिपणं काढायला घेतली. मेथी मात्र लख्ख निवडून गेली.

१७ जानेवारी
झालं. चौक भरला होता. मुरलीनं पाटी दुपारीच पुसली. ओल्या फडक्यानं, माझ्याकडे न बघता.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. हे आठवतं: "दुकानात शिरताना जो भाव, निघतानाही तोच हवा. मधल्या मधे भाव वाढतो तो फक्त दवाखान्यात आणि सोयरिकीत!" हशा. मग शिट्ट्या. मग आवाज चढवला. जंगलातून सरपणाची मोळी आणताना आपल्या आजोबा-पणजोबांनी नाक्यावर काय काय दिलं ते सांगितलं. कधी फी म्हणून, कधी चिरीमिरी म्हणून. कोणी विचारलं नाही, हे कशाचं? विचारलं नाही की ते रीत होतं. रीत झालं की पोरं ते न विचारता देतात. "विचारा! प्रत्येक काउंटरवर विचारा, हे कशाचं?"

परत येताना बघितलं, औषधवाला, चप्पलवाला, मोबाइलवाला, सगळ्यांच्या पाट्या गायब. नाना बोरकरांच्या दुकानातलीही. घसा पुरता गेला. जाऊ दे. कामाला आला.

२० जानेवारी
ढोक सर अभिनंदनाला आले. फोन काढून दाखवला, कार्डावरचे पॉइंट.
"मॅडम, ह्या पॉइंटांवर यंदा आम्ही दोघं अंदमानला. तिकिटं फुकट."
"फुकट कोण देतं सर?"
"बँक."
"बँकेला कोण देतं?"
हसायला लागले. "अर्थशास्त्र पगारासाठी शिकवलं मॅडम. पॉइंट आनंदासाठी आहेत."

मग खालच्या आवाजात गंमत सांगितली. भिशीतल्या बायका, शेजारी, साडू, ज्याला काही घ्यायचं असेल त्याच्यासोबत सर दुकानात जातात. कार्ड सरांचं, रोख पैसे त्यांच्याकडून घेतात. वस्तू त्यांची, पॉइंट सरांचे. घासाई होती तोवर हे परवडत नव्हतं. "तुमच्या भाषणानं रस्ता मोकळा केला!"

चहा दिला. साखर घालायची विसरले, सरांनी तसाच प्यायला. वाईट माणूस नाही. आईच्या आजारपणात रात्रंदिवस धावले आहेत माझ्यासाठी.
पण हा रस्ता मी त्यांच्यासाठी मोकळा केला नव्हता.

२३ जानेवारी
मु. नं भाव वाढवले. स्टीलचा किलोचा भाव, पितळेचा भाव, सगळे. कुकर-मिक्सरवर छापील किमतीपेक्षा जेवढं खाली देत होता, तेवढं आता देत नाही. हिशोब केला तर शंभरावर दोनच.

"घासाई काढ म्हणलीस, काढली."
"आणि हे?"
"हा भाव आहे. भाव माहा आहे."
"मुरली, ही तीच घासाई आहे. तू फक्त तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलंस."
"मंग काय करू? तुह्ये ढोक सर या हप्त्यात लोकाइले घेऊन किती खेपा आले, पुस शोभाले. हरेक खेपेले बँक मले कापते. मी घरून भरू? भांड्यात मार्जिन कितीक रायते, तुले मालूम आहे?"

गिऱ्हाइकं ऐकत होती. मी आणखी बोलले असते. पिशवी उचलली आणि निघाले.

घरी येऊन भात टाकला, जळका कुकरच. माझं चुकलं का? नाही. पाटी पुसली ते बरोबरच होतं. माणसाला भाव कळायला हवा, आणि तो भाव शेवटपर्यंत तोच हवा. पण काम अर्धंच झालं. उरलेलं अर्धं कोणाच्या माथी गेलं ते बघायला हवं होतं. मी टाळ्या ऐकत बसले.

२५ जानेवारी
आज हसून पोट दुखलं. आणि मग दुखलं ते वेगळंच.

कुरखेड्याच्या पलीकडून सोमीबाई मडावी आली होती, धाकट्या लेकीचं आंदण घ्यायला. थोरलीचंही इथूनच नेलं होतं तिनं. धान विकलं, जंगलातली लाख विकली, पैसे कमरेच्या पिशवीत. गंज हातात घेऊन म्हणाली, "काऊन गा भाऊ, मांगच्या महिन्यात येऊन पुसून गेलो, तवा कमी होता."
मु. इकडेतिकडे बघू लागला. शोभाला खोटं जमत नाही. ती म्हणाली, "मावशी, आता घासाई भावातच धरली हो."
"घासाई?"
"हो."

सोमीबाईनं गंज उलटा केला, सुलटा केला, आत हात फिरवला. बोट दाखवलं, धूळ. "हे पाह्य. हा घासला कोनं? जुनं मोडीत देतो तवा तुमी वजनात घट कापता, नवं घेतो तवा घडवायची घडाई घेता. थे ठीक. आता घासाईपण? मले नोको. मले बिनघासलेला दे. मी घरी राखेनं घासतो."

दुकान हसलं. मु. सांगायला लागला, मावशी, ती घासाई नाही, ती कार्डाची. "माह्यापाशी कार्ड नाई." ते माहीत आहे मावशी, पण. "मंग कायची घासाई? मी घासतो म्हनून राह्यलो ना." तिनं सगळ्यात खालचा, धुळीनं माखलेला गंज ओढून काढला, परातही तशीच धुळीची, आणि काउंटरवर आपटली. "ह्याची घासाई कापून सांग."

मु. नं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. त्यानं शंभरावर दोन कापले. सगळ्या खरेदीवर. ती गेली, डोक्यावर धुळीची भांडी, चालही अगदी जिंकल्यासारखी.

तिला घासाई म्हणजे काय हे कळलं नव्हतं. तरी ती नेमकी जी द्यायला नको होती तीच न देता गेली. आणि तिच्या आधी ह्या दोन दिवसांत रोख देऊन किती जणी गेल्या असतील, धूळ न बघता? कार्ड कधी हातात न धरलेल्या बायका. ढोक सरांची अंदमानची बोट त्यांच्या गंजातून निघते आहे.

२६ जानेवारी
शाळेतलं झेंडावंदन उरकून थेट दुकानात. मुरलीला म्हटलं, सोमीबाईला दिलंस ते सगळ्यांना दे.
"कसं?"
"भाव आहे तोच ठेव. कार्डवाल्याला त्याच भावात दे, वर एक पैसा नाही. नियम पाळला. रोख देईल त्याला शंभरावर दोन सोड. फोनवरून सरळ खात्यातले देईल त्यालाही सोड, त्यात बँक तुझं काही कापत नाही."
"हे त तेच झालं, उलटं करून."
"तेच नाही. आधी कमी सांगून मागून चिमटा काढायचा ही फसवणूक. आधी पूर्ण सांगून मागून सोडायचं ह्यात कोण फसतं? आणि ज्याच्यामुळे तुझे पैसे कापले जात नाहीत, त्याच्याकडून तू ते घेत नाहीस. एवढं सोपं आहे."

मु. नं वजनकाटा पुसून बाजूला केला. "पाटी तू लिही. तुह्यं अक्षर चांगलं."

पुसलेल्या पाटीवरच खडूनं लिहिली. 
भाव सर्वांना एकच. कार्ड चालेल.
रोख देणाऱ्यास घासाई माफ.
शोभानं खाली लहान अक्षरात लिहायला लावलं, फोनवर खात्यातून देणाऱ्यासही. तिचं बरोबर.

नवा कुकर घेतला. रोख.

३१ जानेवारी
पाटी पसरते आहे! चप्पलवाल्यानं लावली, पिठाच्या गिरणीशेजारच्या किराणावाल्यानं लावली. शब्द तोच, घासाई माफ. मोठ्या शोरूमनं नाही. आता बायका दुकानात शिरतानाच विचारतात, "घासाई माफ आहे का गा?" अर्ध्यांना वाटतं भांडी न घासता मिळतात म्हणून स्वस्त. वाटू दे. त्याही विचारतात, हे कशाचं.

ढोक सर रस्त्यात भेटले. भिशीतल्या बायका आता स्वतःच रोख देऊन सूट घेतात. सरांना कोणी सोबत नेत नाही.
"मॅडम, माझे पॉइंट पाप ठरवलेत तुम्ही."
"पाप नाही सर. किंमत सांगितली त्यांची."
"गोड बोलून मारता."
"तुम्ही कार्ड वापरा की. उधारीची सोय आहे, हरवलं तर बंद करता येतं, नियमानं तुम्हाला कोणी जास्त मागणार नाही. फक्त तुमच्या तिकिटाची वर्गणी सोमीबाईकडून नको."
"कोण सोमीबाई?"
हेच तर.
पाठ फिरवून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लागलं मला. पण शब्द मागे घेणार नाही.

४ फेब्रुवारी
बँकेचा माणूस आला, गडचिरोलीहून. तरुण, सभ्य, शर्ट इनमध्ये. कोणी तक्रार केली ते सांगितलं नाही. नाना म्हणतात शोरूमवाला. मुरलीला वाटतं ढोक सर. मला वाटत नाही. तसं वाटून घ्यायचंही नाही मला.

पाटीचा फोटो काढला. मुरलीला म्हणाला, "सर, हे उलट्या हातानं तेच आहे."
मी म्हटलं, "तुमच्या पत्रकात जास्त घ्यायला मनाई आहे. कमी घ्यायला कुठे आहे? दाखवा."
त्यानं पत्रक चाळलं. "तसं लिहिलेलं नाही मॅडम. पण घासाई हा शब्द आला म्हणजे कार्डाचा वेगळा आकार आला. तुम्ही साधं लिहा ना, रोखीवर सूट. मी वर कळवतो, पाटी बदलली. विषय संपतो." मग मुरलीकडे वळून, "नाहीतर मला मशीन न्यावं लागेल. परवा येतो. बघा."
चहा घेतला नाही. जाताना शोभाला नमस्कार केला.

मुरली: "बाई, एका शब्दासाठी?"
"शब्दासाठीच! सूट म्हटलं की दुकानदाराची मेहेरबानी झाली. दिवाळीला देतात, पाडव्याला देतात, वाटलं की बंद करतात. घासाई माफ म्हटलं की लोक विचारतात, घासाई म्हणजे काय, कोण घेतं, कशाला. बँकेला तो प्रश्न नको आहे. पैशांचं त्यांना काही नाही, बघितलंस ना? शब्दाचं आहे."
"मशीन माहं आहे."



५ फेब्रुवारी
दिवसभर कुठे गेले नाही. एका मंडळाचं भाषणाचं बोलावणं आलं, नाही म्हटलं. एक जाडा इतिहास उघडून बसले, मिठावरच्या करांचा. किती राज्यांनी एकाच कराला किती नावं दिली ते वाचत होते. एरवी टिपणं काढली असती.

मला माझ्या शब्दाची जेवढी खात्री आहे तेवढीच ह्याची आहे, की पाटी दुसऱ्याच्या भिंतीवर आहे. माझं पेन्शन महिन्याला येतं. शोभाचं येत नाही. मी हट्ट धरावा आणि तिनं सीझन गमवावा, ही पण एक प्रकारची घासाईच. माझ्या ताठ मानेचे पॉइंट, पैसे तिचे.

संध्याकाळी गेले. म्हटलं, "मुरली, दुकान तुझं. पुसायचं असेल तर पूस. मी एक शब्द बोलणार नाही, इथेही नाही आणि चौकातही नाही."
तो पाणी भरायच्या पितळी गुंडावर नाव टाकत होता, कोणाच्या तरी लेकीचं. टकटक थांबवली नाही. तसंच ठोकत म्हणाला,
"बाई, उद्या तू येऊ नोको."
"बरं."
"तसं नाई. तू आलीस का तूच बोलतेस. लहानपनापासून तूच बोलून राह्यली. शाळेत माहं नाव पुसलं तरी तूच सांगे. उद्या मले बोलू दे."
"काय बोलणार आहेस?"
"थे मलेच मालूम नाई."
शोभानं मला डोळ्यांनी खुणावलं, निघा. निघाले. पाटीवर ओलं फडकं टाकलेलं दिसलं. वाळत घातलं होतं की तयार ठेवलं होतं, कळलं नाही.

६ फेब्रुवारी
सकाळपासून घरी. कबूल केल्याप्रमाणे.

दोनदा झाडलं. मेथी निवडली, माझी नव्हे, शेजारणीची. मला आता कळतं शोभा का निवडते.

आत्ता तिचा फोन. मागे प्रचंड कालवा.
"बाई! थो बँकेवाला आला."
"मग? पाटी?"
"पाटी आहे. नाई म्हंजे, आता दिसून नाई राह्यली, समोर मानसं उभी आहेत. चप्पलवाले भाऊ, किराणावाले, नाना बोरकर. बाया त किती! आन् हे..."
"हे काय?"
"हे स्टुलावर उभे आहेत, बाई. बोलून राह्यले."
"मुरली?"
"हो ना!"
"काय बोलतोय?"
"मले इथून ऐकू नाई येत. थांबा, फोन तिकडं धरतो."

चपला घातल्या. काढल्या.

फोन टेबलावर आहे, चालू. त्यातून नुसता गलका येतो आहे, आणि मधेच मुरलीचा आवाज, चिरका, माझ्यापेक्षा पार वेगळा. एकही शब्द लागत नाही. लोक ओरडले. हसले की भडकले... नाही, विचारताहेत, सगळे एकदम: "हे कशाचं?"